हिवरवाडीचे रक्तदाते

८ सप्टेंबर, रविवार

हिवरवाडीतल्या रक्तदात्यांनो!

तुम्ही रोज रक्त देता. त्याचं प्रमाणपत्र तुम्हाला कुणी देत नाही. केळं आणि बिस्किटं तर नाहीतच. तुमच्या बाजेच्या सांध्यात, उशीच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत बसलेला ढेकूण तुम्हाला शोषतो. तुम्ही सकाळी अंगभर चट्टे घेऊन नळावर उभे राहता आणि एकमेकांना सांगता, "आमच्यात नाय बाई तसलं काई." चोरानं घर लुटलं तर माणूस ओरडतो. तुम्ही चोराची अब्रू झाकता!

बुधवारच्या ग्रामसभेसाठी एवढं लिहून झालं. सुरुवात झणझणीत आहे. भाषण आधी या वहीत लिहायचं, मग पाठ करायचं, मग विसरून बोलायचं, ही माझी जुनी रीत. शाळेतून निवृत्त झालो, बोलण्यातून नाही. सोयगाव तालुक्यात माझ्यासारखं बोलणारा दुसरा माणूस नाही, असं माझे विरोधकही कबूल करतात. नाइलाजानं, पण करतात.

प्रकरण असं आहे. लीलावहिनी, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाची बायको, फर्दापूरच्या एका ढाब्यावर भांडी घासत. गेल्या वर्षी त्यांनी अंगणापलीकडच्या दोन खोल्या स्वतः लिंपल्या, चुना मारला आणि पाहुण्यांसाठी उघडल्या. पुण्याची एक पर्यटन कंपनी अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्या लोकांना अशा घरांत उतरवते. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि घाटावरची हवा. वहिनींचा ढाबा सुटला. त्यांचं बघून आणखी चार-पाच बायकांनी खोल्या काढल्या. मागच्या आठवड्यात वहिनींकडं उतरलेलं एक जोडपं चहासुद्धा न घेता पहाटे निघून गेलं आणि आपल्या दंडांचे फोटो इंटरनेटवर टाकून खाली लिहिलं: "अजिंठ्याची चित्रं बघायला गेलो, अंगावर काढून आणली." शहरी माणसाला दुसऱ्याच्या पोटावर पाय देतानाही विनोद सुचतो.

आता कंपनीनं कळवलं आहे की विशाखा नावाची त्यांची अधिकारी पाच ऑक्टोबरला येऊन वहिनींच्या खोलीत स्वतः मुक्काम करेल. एक ढेकूण दिसला, तरी हिवरवाडी कायमची बाद. म्हणजे वहिनी पुन्हा ढाब्यावर, राखेत हात घालून.

हे मला टपरीवर कळलं. मी रोज दोन वेळा वहिनींच्या घरी जेवतो, पण त्या एका अक्षरानं बोलल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "तुमी नका तरास घेऊ भावजी. तुमी तुमचं वाचत बसा." मी बसणारा माणूस नाही.

अर्थात हे लिहितो आहे ते बसूनच. उन्हाळ्यात शहागंजच्या जुन्या बाजारातून आणलेली ही वेताची आरामखुर्ची म्हणजे माझी एकमेव चैन. निजामाच्या काळात कुणा मुन्सफाच्या बंगल्यात होती, असं दुकानदार म्हणाला. तिच्याबरोबरची मखमली उशी कंबरेखाली घेतली की पाठ धरत नाही. म्हणून जाईन तिथं ती पिशवीतून नेतो. हल्ली अंगावर पित्त फार उठतं. आमसुलाचं पाणी सुरू केलं आहे.

११ सप्टेंबर, बुधवार

ग्रामसभेला गर्दी होती, कारण सरपंच खंडेरावांनी भजी ठेवली होती. लोकशाहीचा पाया तेलात तळलेला असतो.

मी बोललो. चांगला बोललो. शेवटी गरजलो, "ज्याच्या घरात ढेकूण आहेत, त्यानं छाती पुढं काढून हात वर करावा!" एक हात वर गेला. बघतो तर पुंजाराम पाठ खाजवत होता.

"मग ढेकूण आहेत कुणाकडं?"

पुंजाराम म्हणाला, पल्याडच्या आळीत. पल्याडची आळी म्हणाली, खालच्या वस्तीत. खालची वस्ती म्हणाली, शाळेमागं. शाळेमागचे पुंजारामाकडं बघायला लागले. ढेकणांनी गावाला पुरी प्रदक्षिणा घातली आणि एकाही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही!

मग मी मुळावर घाव घातला. डोंगराच्या पायथ्याला मेंढरांच्या वाड्याशेजारी राहणारी दगडाबाई समोरच बसली होती. मी म्हणालो, लोकरीच्या घोंगड्या वर्षानुवर्षं ऊन बघत नाहीत, उगम तिथं आहे. म्हातारीच्या जिभेला लगाम नाही. म्हणाली, "माझ्या घोंगडीत पिसवा असत्याल गुर्जी. ढेकूण नसतो. त्याला मऊ लागतं. मखमल-बिखमल."

सभा खदखदून हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. अज्ञानी माणसं एकमेकांच्या अज्ञानाला नेहमीच टाळ्या देतात.

खंडेराव चाचरत म्हणाले, "पंचायत औषधवाला बोलवंल. पन गुर्जी, मानूस शहरातला आना. गावातला कुनी कुनाच्या बाजंखाली डोकावला तर सोयरिकी मोडत्याल." ढेकणांपेक्षा सोयरिकीची भीती मोठी! आणि हा आमचा नेता.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. सगळे सतरंजीवर होते, माझ्यासाठी प्लॅस्टिकची वेगळी खुर्ची ठेवली होती. ज्ञानाचा एवढा तरी मान गावात उरला आहे. मी उशी घेऊन उठलो तेव्हा पंचायतीचा शिपाई त्या खुर्चीवर कढत पाणी ओतत होता. धुण्याची ही कुठली वेळ?

१४ सप्टेंबर, शनिवार

शहरात जाऊन आलो. परतताना एसटी हर्सूलच्या तुरुंगावरून गेली तेव्हा वाटलं, आतल्यांपैकी काहींनी तरी कबुलीजबाब दिलेला असेल. आमच्या गावापेक्षा बरे.

शहागंजात फारूख पेस्ट कंट्रोलचा पत्ता मिळाला. अरुंद दुकान, बाहेर पाटी: वाळवी, झुरळ, खटमल, उंदीर. पाटीवर उताणं पडलेलं झुरळ; चेहऱ्यावर पश्चात्ताप. फारूख पस्तिशीचा, अत्तर लावलेला, बोलायला लागला की थांबत नाही. दोन वक्ते एका खोलीत मावत नाहीत, हे मला पहिल्यांदाच कळलं.

"गुरुजी, आपन बडे बडे हाटेलात काम केलंय. नाव नाय घेनार. नाव घेतलं तर हाटेल बंद पडंल, आनि हाटेल बंद पडलं तर फारूखला कोन बोलवंल? धंद्याचा उसूल हाय."

म्हणजे यांचा धंदाही झाकण्यावरच चालतो. मी विचारलं, तुमच्या औषधाची खात्री काय?

"औषध तो हाय, वाफेचं मशिन बी हाय. पन गुरुजी, खटमल म्हंजे कसा? चुगलीसारखा. एका घरातून निघाला की पूरा मोहल्ला फिरून येतो, आनि जिथनं निघाला तिथं कुनाला शक नाय. म्हनून आपली एक शर्त. पूरा गाव एकदम. एक घर सोडलं, सगळी मेहनत पानीमें."

चुगलीची उपमा बरी आहे. पुढच्या भाषणात वापरेन. त्याला गुरुवारी बोलावलं.

वेळ होता म्हणून जुन्या लाकडी सामानाच्या गल्लीत डोकावलो. खुर्ची विकणाऱ्यानं ओळखलं. "क्या गुरुजी, नींद अच्छी आ रही?" असं विचारून उगाच हसला. व्यापाऱ्याचं हसू हिशोबाशिवाय नसतं. पण मी काही घेतलं नाही, तरी हसत होता.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंड्यानंतर माझं व्याख्यान. रझाकारांपासून सुरुवात करून ढेकणांपर्यंत आलो. जुलमाला सवय होणं हीच खरी गुलामगिरी, हे सूत्र मांडलं. ऐन रंगात अंगावर पित्त उठलं. डाव्या हातानं माईक आणि उजव्या हातानं मान धरून बोललो. पुढच्या दोन रांगा रिकाम्या. लोक मागं भिंतीला चिकटून उभे. विचारांच्या जवळ यायची यांना भीती वाटते.

घरी जाताना वहिनींकडं आमसुलाचं पाणी प्यायलो. त्या बराच वेळ माझ्या मानेकडं बघत होत्या. "भावजी, पित्त असं रांगेत उठतं व्हय?" मी त्यांना पित्ताची प्रकृती समजावून सांगितली. बिचाऱ्या निमूट ऐकत होत्या.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज या गावाबद्दलचा उरलासुरला आदर संपला.

फारूख मोटारसायकलवर मागं मशिन बांधून आला. मी त्याला घेऊन स्वतः दारोदार फिरलो. पहिल्या घरी बाई म्हणाली, "आमच्यात कशाला? पन आलात तर च्या घ्या." दुसऱ्या घरी दार लोटलेलं, आत कुजबुज, मग "मालक घरात नायत, च्या ठेवलाय." पुंजाराम तर बाजेवर पाय पसरून बसला तो उठेचना. मी म्हणालो, अरे बाज बघू दे. म्हणाला, "पाय लचकलाय गुर्जी, हालता येत नाय." सकाळी हा माणूस बसमागं धावताना मी पाहिला होता!

गावभर फिरून फारूखनं पोटभर चहा प्यायला आणि एकही बाज पाहिली नाही.

"गुरुजी, असं नाय होनार," तो मशिन खाली ठेवत म्हणाला. "येह लोग मुझे दामाद समझ रहे."

शेवटी माझ्या घरी आलो. मी त्याला आरामखुर्ची पुढं केली. शहरातल्या कामगाराला अशी खुर्ची कोण देतं? पण तो बसेना. खुर्चीकडं बघत दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, "नको गुरुजी, हमारी औकात नहीं." विनय अजून शिल्लक आहे, तो शहागंजात आहे, हिवरवाडीत नाही.

"ही खुर्ची आमच्याकडची दिसती," तो म्हणाला.

"शहागंजचीच. निजामी आहे."

"मालूम होता," म्हणून तो पुस्तकांच्या फडताळाकडं वळला, मग दारात उभ्या वहिनींकडं. "गुरुजी, सुरुवात आपल्या घरापासून करू का?"

मी हसलो. "फारूखभाई, ढेकूण अंधारात राहतो. या घरात वाचन आहे." वहिनींनी त्याच्याकडं बघून मान अगदी हळू हलवली, नको म्हणून. त्यांनाही माझ्या पुस्तकांवर औषध उडायची काळजी. म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडं चला. च्या घ्या." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

२३ सप्टेंबर, सोमवार

वहिनींनी आज एक बायकी तोड काढली. लिहायची लाज वाटते, पण नोंद हवी.

घट बसायच्या आधी या भागातल्या बायका घरातलं सगळं कापड बाहेर काढतात. गोधड्या, वाकळा, पडदे, झुली, सगळं नदीवर नेऊन धोपटतात. बाजा उन्हात उभ्या करतात, घर सारवतात. त्याला दसरा काढणं म्हणतात. कमल, माझी बायको, होती तोवर माझ्या घरातही हा धुरळा उडायचा. पुस्तकं अंगणात, मी ओट्यावर, आणि दिवसभर वाचन बंद. ती गेल्यापासून माझ्याकडं दसरा निघालेला नाही. देवीला कळतं की घाण कुठली आणि गोधडी कुठली? स्वच्छतेला मुहूर्त कशाला?

वहिनी म्हणाल्या, "भावजी, ढेकूण काढायचे म्हनलं तर कोनी दार उघडनार नाय. दसरा काढायचा म्हनलं तर बंद कोन ठेवंल? घरं मोकळीच असत्यात. त्या भाऊला त्याच दिवशी बोलवा."

"म्हणजे प्रबोधन नाही, कबुली नाही, नुसती फसवणूक?"

"फसवनूक कुनाची? ढेकनाची."

मी म्हणालो, अज्ञानाशी तडजोड करून मिळवलेलं यश मला नको. त्या म्हणाल्या, "तुमाला नको, मला पायजे." आणि भाकरी थापायला वळल्या. पंधरा मिनिटं मी त्यांच्या पाठीशी बोललो.

तरीही फारूखला फोन केला. वहिनींच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, म्हणून.

२६ सप्टेंबर, गुरुवार

झालं. अख्ख्या गावाच्या गोधड्या वाघूर नदीच्या खडकांवर वाळत होत्या. गल्लीत बाजा उभ्या, उलट्या, भिंतीला टेकलेल्या. मयताच्या सामानासारखं दृश्य. बायका कढत पाण्याच्या घागरी नवारीवर ओतत होत्या आणि फारूख मोकळ्या घरांतून वाफ आणि औषध मारत फिरत होता. 'ढेकूण' हा शब्द दिवसभरात एकदाही कुणाच्या तोंडून निघाला नाही. खंडेरावांच्या घरासमोर कुणी विचारलं, आत काय चाललंय? सरपंचीणबाई म्हणाल्या, "भाऊ ऊद घालतोय." मुसलमान माणूस घटस्थापनेआधी गावभर ऊद घालतोय, आणि कुणाला त्यात नवल नाही! पुंजारामाचा पायही बरा झाला. स्वतः बाज खांद्यावर घेऊन आला.

माझ्या भाषणांनी जे घडलं नाही ते एका अंधश्रद्धेनं घडवलं. अशा यशाची मला किळस येते.

दुपारी बायकांचा घोळका टोपल्या घेऊन माझ्या दारात. पुढं दगडाबाई, मागं वहिनी, बाजूला मशिन घेऊन फारूख.

"गुर्जी, सरका. तुमचा बी दसरा काढतो."

मी दारातच बोललो. कर्मकांड, स्त्रीचं श्रमशोषण, परंपरेच्या नावाखाली होणारी विचारहत्या, असं करत बराच वेळ. वहिनी पायरीवर बसून होत्या. मधेच हळूच म्हणाल्या, "भावजी, पुस्तकं मी एकेक पुसून ठेविते. कमलबाई ठेवायच्या तशीच." मी त्यांनाही थांबवलं. एका घरापुरता तरी विवेक शाबूत राहायला हवा.

दगडाबाई टोपली कमरेवर घेऊन वळली. "बरं. पन घट बसल्यावर आमी हात लावनार नाय बरं का. नंतर मनू नका." फारूख मात्र रेंगाळला. "गुरुजी, एकच घर ऱ्हायलं. मैंने शर्त बोली थी."

"शर्त ढेकणांच्या घरांची होती," मी म्हणालो.

त्यानं मशिनची नळी गुंडाळली, वहिनींना सलाम केला, मला केला नाही. विनयाबद्दलचं माझं मत मागं घेतो.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

वहिनींच्या खोलीची पाहणी केली. विशाखाच्या नजरेनं सगळं बघायला हवं, म्हणून पलंगावर तासभर बसून त्यांना सूचना दिल्या. त्या उभ्याच होत्या. चादरी नव्या शिवलेल्या. शिवण सरळ आहे, हे मान्य करायला हवं.

२८ सप्टेंबर, शनिवार

अपमान! दुसरा शब्द नाही.

जेवायला निघालो तर वहिनीच दारात आल्या, हातात डबा. "भावजी, ती बाई येऊन जाईस्तवर हितंच जेवा. मी दोन्ही येळा डबा आनून देते."

"का?"

"कामाची गडबड हाय."

कमल गेल्यापासून मी त्या घरात जेवतो. माझ्या भावाचं घर आहे ते. एक शहरी पोरगी तपासायला येणार म्हणून घरचा माणूस बाहेर? व्यवसाय शिरला की नातं असं दाराबाहेर डबा घेऊन उभं राहतं. मी हे त्यांना सुनावलं. त्या पायरीवर डबा ठेवून पदरानं हात पुसत गेल्या. पायरीच्या आत आल्या नाहीत.

वांग्याची भाजी होती. अर्धी टाकली.

२९ सप्टेंबर, रविवार

जाब विचारायला वहिनींकडं गेलो. उशी पिशवीत होतीच.

त्या पाहुण्यांच्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. पलंगावरची गादी उन्हाकडं उलटी करून, हातात सुई घेऊन शिवणीचा एकेक टाका बघत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. सुईच्या टोकावर काहीतरी होतं. त्यांनी ते मला दाखवलं आणि भुईवर बसकण मारली.

"एवढं करून परत एक निघाला, भावजी."

मी म्हणालो, दगडाबाईची घोंगडी. मी पहिल्या दिवसापासून सांगतो आहे.

"दगडाबाईच्या वाड्याला भाऊनं दोनदा वाफ मारली. आन ती ह्या खोलीत कधी आली नाय. दसरा काढल्यापासनं ह्या खोलीत कोनीच आलं नाय."

ते खरंच होतं. मी आलो होतो, पण मी म्हणजे काही कोणी नव्हे.

मी उपाय सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी माझं बोलणं कधी तोडलं नव्हतं.

"ढाब्यावर परत जायाला मला लाज नाय," त्या म्हणाल्या. "हात हायत, घासतील. पन ह्या भिंती मी लिंपल्यात. गाव मला सांगत व्हतं, लीले, तुझ्या दिराला सांग. मी म्हनलं, नाय सांगनार. त्यानला गावात मान हाय. मान एकदा गेला की गोधडीवानी धुता येत नाय." मग सुईचं टोक भुईवर घासत म्हणाल्या, "कमलबाई असत्या तर तुमचा दसरा तुमाला न इचारता निघाला असता. मी इचारत बसले. माझंच चुकलं."

त्या रडत होत्या. बायका कशालाही रडतात, असं लिहिणार होतो. लिहीत नाही. मला काय सांगायचं होतं त्यांना? आणि गाव काय सांगत होतं?

आत येताना उंबऱ्याशी टेकवलेली पिशवी आता दाराबाहेर ठेवलेली होती. मी नव्हती ठेवली. परतताना बघितलं, कुणीतरी तिच्याभोवती राखेची रेघ ओढली होती.

३० सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून खुर्चीत आहे. पित्त.

लिहायला वही मांडीवर घेतली तेव्हा उशीच्या मखमलीतून एक तांबडा ठिपका निघाला, बाहीवर चढला आणि कोऱ्या पानावर आला. चष्मा पुसला. ठिपका तिथंच होता. मी काही केलं नाही. तो सावकाश चालत वहीच्या शिवणीकडं गेला आणि पानांत शिरला. घाई नव्हती त्याला. आपल्या घरी जाणारा माणूस तसाच चालतो.

तो दगडाबाईकडून आलेला असणार, हे मी अजूनही नाकारत नाही.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे. या भित्र्या, दांभिक, दाराआड कुजबुजणाऱ्या गावाला कबुली म्हणजे काय ते कुणीतरी दाखवायला हवं. उदाहरण घालून देणं हे वक्त्याचं अखेरचं काम. बाकी सगळा घसा. तेवढ्यासाठीच, आणि केवळ तेवढ्यासाठी, मी पुढचं लिहितो आहे. फारूखला फोन केला. म्हणाला, "गुरुजी, मशिन गाडीवरच बांधलेलं हाय. चार दिवस उतरवलंच नाय." आगाऊ आहे. संध्याकाळी पंचायतीच्या भोंग्यावरून हे वाचून दाखवेन. पाठ करणार नाही, कागदावरून वाचेन.

*

हिवरवाडीतल्या बायांनो!

पुरुषांना हाक मारत नाही. त्यांना हाका मारून माझा घसा बसला. त्यांच्यातला एकही बाजेवरून उठला नाही, उठवलं ते तुम्ही. तुम्ही गावभर दसरा काढलात आणि एक घर राहिलं. ते का राहिलं यावर मी दोन तास बोलू शकतो. तुम्हालाही ठाऊक आहे, आणि तुम्ही किती दिवस गप्प होतात, हेही आता मला ठाऊक आहे. त्या गप्प बसण्याला मी भ्याडपणा म्हणालो होतो. दुसरा शब्द सापडेपर्यंत तो परत घेतो.

लीलावहिनींच्या दारात पाच तारखेला जी बाई येईल, तिला या गावात काही सापडता कामा नये. परवा सर्वपित्री आहे. तेरवा घट बसतील, मग तुम्ही हात लावणार नाही. दगडाबाईंनी मला बजावलं आहे, आणि त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. उरला एकच दिवस.

उद्या ऊन अंगणात उतरलं की टोपल्या आणि कढत पाणी घेऊन माझ्या दारात या. कडी काढलेली असेल. पुस्तकं वहिनींच्या हातात द्या. मी बाहेर उन्हात उभा असेन आणि एक शब्द बोलणार नाही.

आधी खुर्ची उचला.